घर बांधताय? आधी कानविंदेंना भेटा

कौलं उतरवून स्लॅब टाकायची चर्चा तुमच्याही घरी सुरू आहे का? मग ही गोष्ट वाचाच.

मुरगूडहून राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरलात, कणकवली ओलांडली, की समुद्राकडे आचरा गाव लागतं. अच्युत कानविंदे तिथले, जन्म 1916 चा. वडील चित्रकार. आई लहानपणीच गेली. पोरगा मुंबईला जे. जे.मध्ये वास्तुकला शिकला आणि दुसरं महायुद्ध संपताना सरकारनं त्याला थेट अमेरिकेत, हार्वर्डला धाडलं. तिथं शिकवायला कोण? बाउहाउसवाले वॉल्टर ग्रोपियस!

1947 मध्ये कानविंदे परतले. पण तिथलं जसंच्या तसं इथं उभारून चालणार नव्हतं. थंड देशात ऊन आत घ्यायचं असतं. आपल्याकडे ऊन अडवायचं आणि उजेड, वारा तेवढा आत घ्यायचा. 1955 मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत ऑफिस थाटलं. पुढं आयआयटी कानपूरचं काम आलं. उन्हाळ्यात तिथं अंग भाजून निघतं. म्हणून त्यांनी इमारती सावलीच्या वाटांनी जोडल्या आणि मध्ये झाडांचे चौक सोडले. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर छतावर उंच झरोके काढले, गरम हवा आपोआप वर निघून जावी म्हणून. 1974 मध्ये पद्मश्री मिळाली. 2002 मध्ये ते गेले.

आता सांगा, यातलं तुमच्या आजीच्या घरात काय नव्हतं? सोपा होता, चौक होता, मागं परडं होतं. नव्या घरात मात्र एक खोली वाढावी म्हणून आपण पहिल्यांदा परड्यावरच स्लॅब टाकतो. मग भर दुपारी ट्यूब लावून अभ्यास करायचा!

प्लॉट छोटा असला तरी काही गोष्टी जमतात. खिडक्या समोरासमोर ठेवा, म्हणजे वारा खेळतो. वर रुंद छज्जा काढा, म्हणजे आपल्याकडच्या पावसातही त्या उघड्या राहतात. जिन्यावर झरोका सोडा. मागं चार फूट माती राखा, शेवग्यासाठी.

गवंड्याशी बोलणी बाबा करतील, पण नकाशा ठरताना तुम्हीही शेजारी बसा. खिडकी नंतर फोडता येते. स्लॅबखाली गेलेलं परडं परत मिळत नाही.