चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. मोटारीच्या बॅटरीवर चालणारी प्रज्वलन यंत्रणा आणि विद्युत स्वयंप्रारंभक, म्हणजेच बोलीभाषेतील सेल्फ-स्टार्टर, यांच्या विकासासाठी ते ओळखले जातात. डेल्को या कंपनीचे ते सहसंस्थापक होते. १९२० ते १९४७ या काळात त्यांनी जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे नेतृत्व केले.

== प्रारंभिक जीवन ==
केटरिंग यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ त्यांनी शाळेत शिक्षक म्हणून काम केले. दृष्टिदोषामुळे त्यांच्या विद्यापीठीय शिक्षणात खंड पडला. त्या काळात त्यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. १९०४ मध्ये त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी विद्युत मोटरवर चालणारे रोकडनोंद यंत्र विकसित केले. १९०५ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी झाला.

== प्रज्वलन यंत्रणा ==
त्या काळातील अनेक मोटारींत इंधन पेटवण्यासाठी कोरड्या घटांची बॅटरी व कंप पावणारी कॉइल वापरली जाई. ही कॉइल प्रत्येक प्रज्वलनासाठी ठिणग्यांची मालिकाच सोडत असे. त्यामुळे घटांतील वीज वेगाने खर्च होई आणि बॅटरी लवकर उतरे. नोकरी सांभाळून केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात सहकाऱ्यांसह या प्रश्नावर काम केले. प्रत्येक प्रज्वलनासाठी एकच जोरदार ठिणगी पुरेशी आहे, हे ओळखून त्यांनी रिलेचा उपयोग करणारी नवी यंत्रणा तयार केली. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य बरेच वाढले. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ही यंत्रणा स्वीकारली. १९०९ मध्ये केटरिंग व डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजेच डेल्को, स्थापन केली.

== विद्युत स्वयंप्रारंभक ==
तोपर्यंत मोटार सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूने हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याचा धोका असे. अशाच अपघातानंतर लेलँड यांच्या एका परिचिताचा मृत्यू झाला व त्यातून त्यांनी या कामाला चालना दिली, अशी कथा सांगितली जाते.

इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान विद्युत मोटर गाडीत मावणार नाही, असा समज होता. रोकडनोंद यंत्रावरील अनुभवातून केटरिंग यांना माहीत होते, की काही क्षणांपुरता छोट्या मोटरवरही मोठा भार टाकता येतो. त्यांनी एकाच यंत्राकडून दोन कामे करून घेतली. सुरुवातीला ते मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाल्यावर डायनॅमो म्हणून बॅटरी भारित करी. कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत प्रारंभ, दिवे व प्रज्वलन या तिन्ही गोष्टी एकाच विद्युत यंत्रणेत आल्या.

== बॅटरी उतरण्याचा प्रश्न ==
या बदलामुळे गाडी पूर्णपणे बॅटरीवर अवलंबून राहिली. डायनॅमोचा वेग कमी झाल्यावर त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि प्रवाह उलटा वाहून बॅटरी रिकामी होऊ शकते. म्हणून डायनॅमोच्या यंत्रणांत दोघांमधील जोडणी आपोआप तोडणारा कटआउट आवश्यक ठरला. त्याचे संपर्कबिंदू चिकटून राहिल्यास उभ्या गाडीची बॅटरीही उतरत असे.

आधुनिक गाड्यांत डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली आहे. त्यातील डायोड उलटा प्रवाह अडवतात, परंतु डायोड बिघडल्यास तीच अडचण पुन्हा उद्भवते. चिकटलेला रिले किंवा डिकीत चालू राहिलेला दिवा हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. दोष शोधण्यासाठी गाडी बंद करून बॅटरीच्या ऋण टोकाशी ॲमीटर एकसरीत जोडतात. गाडीतील नियंत्रक सुप्तावस्थेत जाईपर्यंत थांबून प्रवाह मोजतात आणि नंतर एकेक फ्यूज काढतात. जो फ्यूज काढताच प्रवाह लक्षणीय घटतो, त्या मंडलात दोष असतो. सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह स्वीकारार्ह मानतात. ५० अँपिअर-तास क्षमतेची पूर्ण भारित बॅटरी १ अँपिअरच्या गळतीने सुमारे दोन दिवसांत रिकामी होते.

== उत्तरार्ध ==
डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. केटरिंग यांच्या मार्गदर्शनाखाली थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलचा शोध लावला. इंजिनातील ठोके त्यामुळे थांबले, मात्र शिशाच्या विषारी परिणामांमुळे हे इंधन पुढे जगभर बंद करावे लागले. हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे इंजिन हा त्यांचा प्रयोग १९२३ मध्ये अपयशी ठरला. रेल्वेसाठीच्या डिझेल इंजिनांच्या विकासात मात्र त्यांना यश मिळाले.

== वारसा ==
१९४५ मध्ये न्यू यॉर्क येथे स्थापन झालेल्या स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्थेला अल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचे नाव देण्यात आले. डेटनजवळील केटरिंग हे शहरही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २५ नोव्हेंबर, १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.