चवदार तळ्याच्या वाटेवरचा कार्यकर्ता : कॉम्रेड आर. बी. मोरे

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून खाली उतरते, महाडला वळसा घालते आणि दासगावच्या खाडीतून बाणकोटकडे जाते. या नदीकाठच्या गावांनी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला अनेक माणसे दिली. त्यांतील काहींची नावे सर्वतोमुखी झाली, तर काही जण आपण उभ्या केलेल्या चळवळीच्या सावलीतच राहिले. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे या दुसऱ्या प्रकारातील होत. महाडचा सत्याग्रह ज्या परिषदेतून जन्माला आला, ती परिषद घडवून आणण्यात त्यांचा सिंहाचा वाटा होता. निरक्षर समाजापर्यंत विचार कसा पोहोचवावा, या प्रश्नाशी ते आयुष्यभर झुंजत राहिले.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली येथे, आजोळी झाला. दासगाव हे त्यांचे मूळ गाव. या परिसरात लष्करातून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची वस्ती होती. पलटणीत लिहावाचायला शिकलेली ही माणसे गावी परतली, तेव्हा अक्षरांची ओढ आणि स्वाभिमान दोन्ही बरोबर घेऊन आली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांचे अग्रणी. जोतीराव फुले यांच्या विचारांनी भारावलेल्या वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. तीत सव्वीस प्रश्न विचारून त्यांनी उच्चवर्णीयांना उत्तर देण्यास भाग पाडण्याचा प्रयत्न केला. छापील कागद हे दुबळ्याच्या हातातील शस्त्र होऊ शकते, हा धडा या मातीला मोरे यांच्या जन्मापूर्वीच मिळाला होता.

मोरे यांनी तो धडा कोवळ्या वयात स्वतः अनुभवला. प्राथमिक शिक्षणात हुशारी दाखवून वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली. परंतु महाडच्या इंग्रजी शाळेचे दार त्यांच्यासाठी उघडेना. शिष्यवृत्ती सरकारची, गुणवत्ता विद्यार्थ्याची आणि नकार मात्र जातीचा, असा तो प्रकार होता. या अन्यायाची तक्रार वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे त्यांना प्रवेश मिळाला. तोही इतर मुलांपासून वेगळे बसण्याच्या अटीवर. चार ओळींच्या मजकुराने बंद दार किलकिले झाले, पण पूर्ण उघडले नाही. छापील शब्दाची ताकद आणि तिची मर्यादा त्या मुलाला एकाच वेळी दिसली.

पुढे घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिले. पोटासाठी मिळतील ती कामे करीत त्यांना पुणे-मुंबई गाठावी लागली. पण महाडशी असलेले नाते सुटले नाही. महाड ही त्या काळी आसपासच्या खेड्यांची मोठी बाजारपेठ होती. पोलादपूरकडील डोंगरवाड्यांतून आणि खाडीकाठच्या गावांतून लाकूडफाटा, गवत आणि धान्य घेऊन अस्पृश्य समाजातील स्त्रीपुरुष मैलोन्‌मैल चालत बाजारी येत. शहरात आल्यावर मात्र घोटभर पाणी मिळण्याची पंचाईत होई. तळे समोर असे, परंतु त्याला हात लावण्याची सोय नसे. या माणसांसाठी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडमध्ये एक चहाचे हॉटेल सुरू करविले. वरवर पाहता ते चहाचे दुकान होते, प्रत्यक्षात मात्र ते चळवळीचे पहिले कार्यालय ठरले. तेथे तहान भागे, गावोगावच्या बातम्या एकत्र येत आणि कोणावर कोठे अन्याय झाला याची चर्चा होई.

याच सुमारास कायद्याच्या पातळीवरही हालचाल सुरू झाली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केले. नगरपालिकेची सूत्रे पुढे सुरेंद्रनाथ टिपणीस या पुरोगामी विचारांच्या नेत्याकडे आली. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याचा काठ पूर्वीसारखाच राहिला. हक्क कागदावर होता आणि लोकांच्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. जो हक्क दिसत नाही, तो वापरण्याचे धाडस सामान्य माणूस करीत नाही. मोरे यांच्या पुढील कामाचे सारे मर्म या एका अडचणीत होते.

हा हक्क डोळ्यांसमोर आणावयाचा, तर मोठे संमेलन हवे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडला यावे, यासाठी मोरे यांनी मुंबईत त्यांची भेट घेतली आणि नंतर चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरविण्याचे निश्चित झाले. त्या वेळी मोरे यांनी नुकतीच चोविशी गाठली होती. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, संभाजी तुकाराम गायकवाड अशी जाणती मंडळी सोबत होती. पण वाडीवाडीत जाऊन माणसे उठविण्याचे काम तरुण कार्यकर्त्यांचे होते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवायचा तर पायी फिरणे, बैठका घेणे आणि बाजारात बोलणे हेच मार्ग होते. त्या श्रमाचे फळ परिषदेच्या दिवशी दिसले. खांद्यावर भाकरीची शिदोरी घेऊन हजारो माणसे महाडला लोटली. परिषदेसाठी पिण्याचे पाणी मात्र चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. भरल्या तळ्याच्या गावात मंडपातील माणसांना विकतचे पाणी प्यावे लागावे, ही गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा बोलकी होती.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून दिली आणि सर्वांनी तळ्यावर जाऊन तो अमलात आणावा, असे सुचविले. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली शिस्तबद्ध मिरवणूक चवदार तळ्यावर गेली. त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून लोकांनीही तेच केले. वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी ती कृती होती. आजही महाडचे स्मरण झाले की भाषणातील वाक्यांआधी ती ओंजळच डोळ्यांपुढे उभी राहते. त्यानंतर अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा उठली. परतणाऱ्या लोकांवर लाठ्यांनी हल्ले झाले आणि अनेक जण जखमी झाले. पुढे सनातन्यांनी तळ्याची तथाकथित शुद्धी केली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला.

मार्चच्या घटनेनंतर चळवळीला स्वतःच्या वृत्तपत्राची निकड तीव्रतेने भासली. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. महाडमध्ये काय घडले, हे चळवळीच्या बाजूने सांगणारे पान आता हाती होते. साक्षरांचे प्रमाण नगण्य असलेल्या समाजात असे पत्र एकाने वाचावयाचे आणि दहांनी ऐकावयाचे असे. त्यामुळे एका अंकाचे वाचक किती, हे विकलेल्या प्रतींवरून मोजता येत नसे.

डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ डिसेंबरला दुपारी दासगाव बंदरात उतरले. ज्या गावातून मोरे शिष्यवृत्ती घेऊन शाळेच्या दारी गेले होते, त्याच गावातून आता हजारोंची रांग महाडकडे चालू लागली. शहरात सभेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. मंडपात एकच छायाचित्र लावले होते, ते महात्मा गांधींचे. चळवळ कोणत्या मार्गाने जाऊ इच्छिते, हे त्या एका चित्रातून आल्यागेल्याला कळत होते.

त्या रात्री झालेल्या मनुस्मृती दहनाची मांडणी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. मंडपासमोर एक खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली होती. त्याच्या चार कोपऱ्यांवर खांब उभे केले होते आणि तीन बाजूंना फलक लावले होते. ही मनुस्मृतीची दहनभूमी आहे, असे एका फलकाने सांगितले होते. दुसऱ्याने अस्पृश्यतेच्या नाशाची आणि तिसऱ्याने ब्राह्मण्य गाडून टाकण्याची हाक दिली होती. मोजकी अक्षरे, ठळक जागा आणि समोर पेटलेली चिता, एवढ्यावर सारा आशय उभा होता. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या कार्यकर्त्याने मांडला होता. त्यामुळे लढा व्यक्तींशी नसून विषम व्यवस्थेशी आहे, हेही सर्वांसमोर आले. भित्तिपत्रकाचे शास्त्र महाविद्यालयांत शिकविले जाऊ लागण्यापूर्वीच महाडच्या मैदानात त्याची सारी तत्त्वे वापरली गेली होती.

रशियातील क्रांतीनंतर १९१९ पासून कवी मायकोव्हस्की आणि त्यांचे चित्रकार सहकारी दुकानांच्या रिकाम्या खिडक्यांत चित्रफलक लावून अल्पशिक्षित जनतेपर्यंत बातम्या आणि संदेश पोहोचवीत होते. महाडजवळ सरकारी यंत्रणा नव्हती, छापखाना नव्हता आणि रंगही नव्हते. परंतु प्रश्न तोच होता आणि त्यावर शोधलेले उत्तरही फारसे वेगळे नव्हते.

सत्याग्रहाविरुद्ध दिवाणी न्यायालयाने १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. त्याचा मान राखून प्रत्यक्ष पाणी घेणे स्थगित करण्यात आले आणि तळ्याभोवती मिरवणूक काढून परिषद संपली. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण पुसून टाका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी पुढाकार घेऊन या बायाबापड्यांना पायघोळ लुगडे नेसविले. दुसऱ्या दिवशी गावी परतणारी प्रत्येक स्त्री म्हणजे त्या परिषदेचा एक चालताबोलता फलक झाला. न्यायालयीन लढा मात्र लांबला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

महाडनंतर मोरे यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. गिरण्यांतही जात शिरली होती. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. परिणामी अधिक पगाराचे काम त्यांना मिळत नसे. जातीचा प्रश्न भाकरीच्या प्रश्नाशी कसा जखडलेला आहे, हे मोरे यांना येथे स्पष्ट झाले. १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. ‘आव्हान’ या पत्राच्या संपादनातून त्यांनी अस्पृश्य कामगारांपर्यंत हा विचार नेण्याचा प्रयत्न केला.

हा निर्णय सोपा नव्हता. ज्या नेत्याला आपण महाडला आणले, त्याच्या संघटनेबाहेर उभे राहण्याचे दुःख त्यात होते. आंबेडकरी चळवळ आणि कम्युनिस्ट यांच्यात पुढे तीव्र मतभेद झाले. अनेकांनी मोरे यांना दूर गेलेले मानले. पण बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर कमी झाला नाही. पक्षातही ते गप्प बसले नाहीत. अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे पक्षाचे दुर्लक्ष होत असल्याचे त्यांनी १९५३ साली लेखी निवेदनाद्वारे नेतृत्वासमोर मांडले आणि पुढेही हा आग्रह सोडला नाही. वर्गलढा यशस्वी झाला की जात आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांना ते महाडचा अनुभव सांगत. दोन्ही बाजूंना थोडे परके वाटण्याची किंमत त्यांनी मोजली.

त्यांच्या कामाचे एक मोठे क्षेत्र म्हणजे मुंबईतील माटुंगा लेबर कॅम्प. झोपडवस्तीतील या वर्तुळाचा उल्लेख अण्णाभाऊ साठे यांच्या जडणघडणीतही येतो. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा पोवाडा आणि लोकनाट्य ही जागृतीची प्रभावी साधने झाली. त्याच दशकात चित्तप्रसाद हे बंगाली चित्रकार मुंबईत पक्षासाठी काळ्या-पांढऱ्या ठसठशीत रेषांची चित्रे आणि भित्तिपत्रके घडवीत होते. चाळीच्या भिंतीवर चित्र, मैदानात डफ आणि हाती वृत्तपत्र असे हे माध्यमांचे त्रिकूट होते. मोरे यांचा वाटा त्यांतील शब्दांचा आणि संघटनेचा.

पक्षाच्या फुटीनंतर मोरे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिले. १९६५ साली ‘जीवनमार्ग’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले, त्याचे ते संस्थापक-संपादक. पहिल्या अंकासाठी १४ एप्रिल हा बाबासाहेबांचा जन्मदिवस निवडण्यात आला. आयुष्याच्या दोन निष्ठा एका तारखेत आणि एका मुखपृष्ठावर जोडण्याची ही त्यांची रीत होती. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहावयास घेतलेले आत्मकथन अपूर्णच राहिले. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी चरित्राचा उर्वरित भाग लिहून पूर्ण केला आणि ते पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.

दर वर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर जनसागर लोटतो. पोलादपूरच्या घाटातून आणि मुंबईच्या वाटेने माणसे येतात. तळ्याकाठी पुस्तकांची, छायाचित्रांची आणि दिनदर्शिकांची दुकाने लागतात. निळ्या झेंड्यांखाली हिंडणाऱ्या नव्या पिढीला ती ओंजळ ठाऊक असते. त्या ओंजळीपर्यंत लोकांना आणण्यासाठी गावोगाव पायपीट करणारा चोवीस वर्षांचा दासगावचा तरुण मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. समाजजागृतीचे काम फलक लिहिण्याने संपत नाही. तो फलक पाहायला माणसे जमवावी लागतात आणि त्यावरचा शब्द खरा करून दाखवावा लागतो. मोरे यांनी ही दोन्ही कामे केली, म्हणून महाडच्या इतिहासातील त्यांची जागा कायमची आहे.