सेनापती बापट आणि मुळशीची वीज

सेनापती बापट म्हटले की बहुतेकांना क्रांतिकारक आठवतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील मुळशीचे पर्व अधिक मोलाचे वाटते. वीज कोणी वापरायची आणि तिची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्यात आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केल्याने शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला बॉम्बची विद्या, मायदेशी अज्ञातवास, १९१२ मध्ये अटक आणि सुटकेनंतर हाती झाडू घेऊन पारनेरची सफाई, असा त्यांचा प्रवास झाला.

याच सुमारास टाटांच्या वीज कंपनीने मुळशीस धरण बांधावयास घेतले. पूर्वेकडे वाहणारे मुळेचे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेस वळवायचे आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिरा येथे त्यावर वीज निर्माण करून ती मुंबईला न्यायची, अशी योजना होती. सरकारने कायद्याच्या बळावर कंपनीसाठी जमिनी घेतल्या. आंबेमोहर पिकवणारी मावळ्यांची खाचरे बुडणार होती. त्यातल्या अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यांना नुकसानभरपाई पुरेशी वाटली; कसणाऱ्याचे मात्र पोटच जात होते.

१९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. स्त्रीपुरुष कामाच्या जागी ठाण मांडून बसले. काही महिने काम थांबले, पुन्हा सुरू झाले. बापटांना वारंवार तुरुंग घडला. ‘सेनापती’ ही पदवीही याच लढ्याने दिली. लढा मावळत असता डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून कामगारांची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले. बापट १९३१ मध्ये सुटले आणि १९६७ मध्ये मुंबईत निवर्तले.

यंत्रशास्त्र शिकलेला हा माणूस यंत्राला भिणारा खचित नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज हवी होती, त्यावर हजारोंचा रोजगार चालला, हेही मी नाकारीत नाही. परंतु ज्यांनी जमीन दिली त्यांना विचारले कोणी? ‘सर्वांचे हित’ म्हणताना त्या ‘सर्वां’त मुळशीचा शेतकरी धरला होता काय? विजेचे हिशेब आपण वर्गात पुष्कळ मांडतो. हा हिशेबही त्यात मांडावा, असे मला वाटते.