क्लॅरेन्स डिमार : खेळाडूचे हृदय की हृदयस्नायूचा आजार?

बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डिमार यांचा जन्म १८८८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लहानपणीच वडील गेले आणि घरची परिस्थिती बिकट झाली. पुढे त्यांनी छापखान्यात काम केले. कामावर जाता-येता धावणे हाच त्यांचा सराव होता.

१९११ च्या बोस्टन मॅरेथॉनपूर्वी डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली, तेव्हा ठोक्यांबरोबर 'मर्मर' म्हणजे जादा आवाज ऐकू आला. धावणे सोडा, असा सल्ला मिळाला. २२ वर्षांच्या डिमार यांनी ती शर्यत जिंकली, पण सल्ला मनात राहिला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकनंतर काही वर्षे ते मोठ्या शर्यतींपासून जवळजवळ दूरच होते.

पुन्हा उतरले ते जिंकण्यासाठीच. १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशी आणखी सहा विजेतेपदे त्यांनी मिळवली. शेवटच्या विजयाच्या वेळी ते ४१ वर्षांचे होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले. बोस्टनची शेवटची मॅरेथॉन ते ६५ व्या वर्षी धावले.

जून १९५८ मध्ये, सत्तरी पूर्ण झाल्यावर चारच दिवसांनी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनातील निष्कर्ष जेम्स करन्स आणि पॉल डडली व्हाइट या डॉक्टरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. हृदयाचे वजन सर्वसाधारण होते, झडपा निर्दोष होत्या आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या.

मग तो आवाज कशाचा होता?

आज खात्रीने सांगता येणार नाही. सरावामुळे खेळाडूचे हृदय सावकाश चालते आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकते. त्यामुळे निरोगी हृदयातही असा आवाज येऊ शकतो. १९११ मध्ये इको तपासणी नव्हती. डॉक्टरांकडे स्टेथोस्कोप आणि अनुभव एवढेच होते. त्यांची सावधगिरी चुकीची म्हणता येत नाही. डिमार यांच्या निधनाच्या वर्षीच, १९५८ मध्ये, लंडनचे डोनाल्ड टीअर यांनी तरुणांमधील हृदयाच्या भिंती जाड होण्याच्या आजाराचे वर्णन केले. त्यातील बहुतेक रुग्ण अचानक दगावले होते. हाच आजार आज 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' म्हणून ओळखला जातो. तो साधारण ५०० पैकी एका व्यक्तीत आढळतो आणि बहुधा आनुवंशिक असतो.

आज फरक कसा ओळखतात?

- खेळाडूच्या हृदयाची भिंत सहसा १२ मिमीपर्यंतच असते आणि आतली पोकळीही मोठी होते. आजारात भिंत बहुधा १५ मिमी किंवा अधिक जाड, एखाद्या भागात जास्त जाड, तर पोकळी लहान असते.
- १३ ते १५ मिमी हा संशयाचा टप्पा. येथे ईसीजी, हृदयाचा एमआरआय आणि कधी जनुकीय तपासणी मदत करते.
- सुमारे तीन महिने सराव थांबवल्यावर भिंतीची जाडी कमी झाली, तर ती सरावामुळे असण्याची शक्यता वाढते.
- घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लक्षात ठेवा

धावताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा खूप धडधड होणे याकडे दुर्लक्ष करू नका. असे झाल्यास खेळ थांबवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. डिमार निरोगी निघाले, म्हणून डॉक्टरांचा सल्ला डावलणे योग्य ठरत नाही. त्याचबरोबर 'हृदय मोठे आहे' किंवा 'आवाज येतो' एवढ्यावरून मुलाचा खेळ कायमचा बंद करू नका. त्यांना न मिळालेल्या तपासण्या आज उपलब्ध आहेत; आधी त्या करून घ्या.