बहिणीची पाळी : मादाम क्यूरी यांच्या विद्यार्थिदशेची कथा

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींची नावे छायाचित्रांसह प्रसिद्ध होतात, ती वाचून आम्हांस मनापासून आनंद होतो. पूर्वी विलायतेस जाणारा तरुण पंचक्रोशीत एखादाच असे. आता लंडन, पॅरिस, बर्लिन ही नावे आपल्या घरांतून परिचयाची झाली आहेत. प्रस्थानापूर्वी महिना-दोन महिने घरात एकच धांदल असते. पारपत्र, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, बँकेचे कर्ज, लोकरीचे कपडे आणि आईने भरून दिलेले मेतकुटाचे व भाजणीचे डबे. ही तयारी आवश्यकच होय. परंतु परदेशी शिक्षणाची पूर्वतयारी किती दीर्घ असू शकते आणि तीत कोणाकोणाचा वाटा असतो, हे जाणावयाचे असेल तर मादाम क्यूरी यांच्या पूर्वायुष्याकडे वळावे. रेडियमच्या शोधाची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यापूर्वीची, पॅरिसला पोहोचण्याआधीची आठ वर्षे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मारिया स्क्लोदोव्स्का हे त्यांचे माहेरचे नाव. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्या काळी पोलंडचा हा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि शाळांतून रशियन भाषेची सक्ती होती. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. शाळांतील प्रयोग सरकारने बंद केल्यावर त्यांनी आपली उपकरणे घरी आणून काचेच्या कपाटात ठेविली. लहान मारिया ती तासन् तास पाहत राही. पुढे वडिलांचे वेतन घटले, साठविलेली पुंजी एका व्यवहारात बुडाली, आणि घरात विद्यार्थी ठेवून चरितार्थ चालवावा लागला. थोरली बहीण विषमज्वरासारख्या तापाने गेली. १८७८ साली आई क्षयाने गेली. अशा घरातील ही मुलगी १८८३ साली सुवर्णपदक मिळवून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली.

पण पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. काही पोलिश मंडळी सरकारची नजर चुकवून निरनिराळ्या घरांत गुप्तपणे वर्ग चालवीत. जागा सतत बदलावी लागे, म्हणून त्यास फिरते विद्यापीठ असे नाव पडले होते. मारिया व तिची वडील बहीण ब्रोन्या या वर्गांस जाऊ लागल्या. तथापि तेथे पदवी मिळत नसे. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांस खुले होते. मात्र वडिलांपाशी एकीलाही पाठविण्याइतका पैसा नव्हता.

तेव्हा मारियाने बहिणीपुढे एक बेत मांडला. दोघींनी स्वतंत्रपणे पैसे साठविले तर दोघींचेही वय निघून जाईल. त्यापेक्षा ब्रोन्याने आपल्या शिलकीवर आधी पॅरिसला जाऊन वैद्यकाचा अभ्यास आरंभावा. मारियाने नोकरी धरून तिला पैसे पाठवावे. आणि ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मारियाला बोलवावे. ब्रोन्या प्रथम कबूल होईना. आधी जाण्याचा मान आपणास का, असे तिला वाटे. परंतु ती वयाने मोठी, तिची निकड अधिक, हे धाकटीने तिला पटविले. त्या वेळी मारिया जेमतेम अठरा वर्षांची होती.

१८८६ च्या आरंभी ती वॉर्साच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवरील श्चुकी या खेड्यात एका जमीनदारी कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. वार्षिक पगार पाचशे रूबल. त्यातील जवळजवळ निम्मा पॅरिसला जाई. आजूबाजूस बीटाची शेते आणि साखरेचा कारखाना. दिवसा घरच्या मुलांचे धडे; फावल्या वेळी मजुरांच्या मुलांना मारिया चोरून पोलिश लिहावयास-वाचावयास शिकवी. हे उघडकीस आले असते तर कठोर शिक्षा ठरलेली होती. रात्री दिवा लावून ती स्वतः गणित व पदार्थविज्ञानाचे ग्रंथ वाची. अडलेली उदाहरणे पत्राने वडिलांस कळवी आणि वडील टपालानेच ती सोडवून धाडीत. आम्ही जन्मभर शाळेत शिकविले. असा वर्ग मात्र आमच्या पाहण्यात नाही.

त्या घरचा थोरला मुलगा सुटीत वॉर्साहून येई. दोघांचे मन जुळले आणि विवाहाचा विचार निघाला. परंतु पगार घेऊन राहणारी निर्धन शिक्षिका सून म्हणून आईबापांस चालेना. अपमान गिळून मारिया त्याच घरात १८८९ पर्यंत राहिली, कारण पगार थांबला असता तर ब्रोन्याचा अभ्यास थांबला असता. या काळात आपण पॅरिसला कधी जाऊ, ही आशाही तिने जवळजवळ सोडली होती.

पुढे वडिलांस बऱ्या वेतनाची जागा मिळाली आणि ते ब्रोन्याला पैसे धाडू लागले. तेव्हा ब्रोन्याने त्यांस कळविले, की त्यातून दरमहा आठ रूबल मारियाच्या नावाने बाजूस ठेवावेत. बहिणीचे ऋण फेडण्यास तिने शिकत असतानाच आरंभ केला. मारिया वॉर्साला परतल्यावर एका नातलगाच्या देखरेखीखालील लहानशा प्रयोगशाळेत संध्याकाळी व रविवारी जाऊ लागली. पुस्तकात वाचलेले प्रयोग तेथे तिने प्रथम आपल्या हातांनी केले.

१८९० साली ब्रोन्याने तिला बोलाविले. आश्चर्य असे, की आता मारियाच कचरली. वडील थकले आहेत, आपले वय वाढले आहे, असे तिला वाटू लागले. सुमारे दीड वर्ष या घालमेलीत गेले. अखेर १८९१ च्या शरदऋतूत तिने निश्चय केला. गादी व अंथरूण-पांघरूण मालगाडीने पुढे पाठविले, म्हणजे पॅरिसला विकत घ्यावयास नको. वाटेचे खाणे बरोबर बांधून घेतले. जर्मनीतील चौथ्या वर्गाच्या डब्यात बसावयास बाके नसत, म्हणून घडीची खुर्ची घेतली. तिकीट परवडावे यासाठी ही सारी योजना होती.

पॅरिसला प्रथम ती बहीण-मेहुण्यांकडे उतरली, पुढे विद्यापीठाजवळ एका माळ्यावरील खोलीत राहावयास गेली. तेथे कळले, की आपले फ्रेंच व्याख्याने समजण्यास अपुरे आणि गणित इतरांहून मागे आहे. इतकी वर्षे तयारी करूनही उणीव राहिलीच. तिने ती कष्टाने भरून काढली. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली, १८९४ साली गणितात दुसरी. मधल्या काळात पैसे संपले असता मायदेशातून सहाशे रूबलची शिष्यवृत्ती मिळाली. ती परत करण्याची अट नव्हती. तरीही स्वतःची कमाई सुरू झाल्यावर मारियाने ती सर्व रक्कम परत केली, म्हणजे दुसऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल.

पुढील चरित्र थोडक्यात असे. १८९५ साली पिएर क्यूरी यांच्याशी विवाह. १८९८ साली पोलोनियम व रेडियम यांचा शोध. १९०३ साली पदार्थविज्ञानाचे व १९११ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक. १९३२ साली वॉर्सा येथे रेडियम संस्था उघडली, तेव्हा तिची प्रमुख डॉक्टर ब्रोन्या होती. ४ जुलै १९३४ रोजी मादाम क्यूरी निवर्तल्या.

ही कथा आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितली. पण सांगताना आमचा स्वर दरवेळी एके ठिकाणी अडखळे. आमची थोरली बहीण चौथीत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली होती. दोघांची फी देणे वडिलांस शक्य नव्हते, म्हणून तिचे नाव शाळेतून काढले. ती शिवणकाम करू लागली. आमची मॅट्रिकच्या परीक्षेची फी तिच्याच पैशांतून भरली गेली. आम्ही शिक्षक झालो, तिचे लग्न झाले. तिची पाळी कधी आलीच नाही, कारण ती ठरलेलीच नव्हती. आणि नोकरी लागल्यावर आम्हीही तिला कधी विचारले नाही. आज ती हयात नाही.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. मुलगा वा मुलगी परदेशी निघताना सामानाची यादी अवश्य करावी. त्याच बैठकीत मागे राहणाऱ्या भावंडाची पाळी केव्हा, हेही सर्वांसमक्ष ठरवावे. आणि ज्यांनी संस्थेच्या निधीतून साहाय्य घेतले आहे त्यांनी, अट असो वा नसो, हाती पैसा येताच ते परत करावे. रांगेत पुढचे मूल उभेच असते.