शिक्षक गोपाळराव गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आपणास आठवतात. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाची घडण शाळेच्या वर्गात झाली, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही. अनेक वर्षे इंग्रजी व इतिहास शिकविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्यास त्यांचे हेच रूप अधिक पूज्य वाटते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली व त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत त्यांनी घर चालविले. या आठ रुपयांचे मोल गोपाळराव जन्मभर विसरले नाहीत.

१८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीचा किंवा वकिलीचा मार्ग मोकळा होता, आणि घरच्या कर्त्या माणसाने सोसलेले कष्ट पाहता पैसा मिळविणे हेच कर्तव्य ठरले असते. तथापि १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन वीस वर्षांच्या सेवेस त्यांनी स्वतःस बांधून घेतले. या सेवेचे वेतन पुढेही दरमहा ७५ रुपयांच्या आसपासच राहिले.

शाळेत व नंतर फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी प्रथम इंग्रजी शिकविले. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर गणिताची जबाबदारी त्यांजवर आली. पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषयही त्यांनी हाताळले. जेथे शिक्षकाची उणीव, तेथे गोपाळराव उभे. त्यांची मदार परिश्रमावर होती. इंग्रजी ग्रंथांतील लांबलांब उतारे त्यांनी मुखोद्गत केले होते. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर कित्येक पिढ्यांच्या हाती खेळले. कॉलेजाच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करण्याकरिता दारोदार हिंडण्यातही त्यांनी कमीपणा मानला नाही.

१९०२ साली त्यांनी संस्थेचा निरोप घेतला आणि १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. परंतु त्यांच्यातील शिक्षक निवृत्त झाला नव्हता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील मागणी माफक होती. सरकारची अनुमती घेऊन स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीतील सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करता यावे, एवढीच. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली जे सर्वत्र सुरू केले, त्याचा हा अंशमात्र होता. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क म्हणून राज्यघटनेत येण्यास २००२ साल उजाडावे लागले, व त्याचा कायदा २०१० साली अमलात आला.

एका भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या मुलाने प्रत्येक मुलास, त्यास असा भाऊ असो वा नसो, शिक्षण मिळावे म्हणून आपली शक्ती वेचली, हे या चरित्राचे सार होय. आपल्या मंडळातील घरोघरच्या पदवीधरांमागेही कोणी एक गोविंदराव उभा असतो. पुष्कळदा ती शाळा सोडलेली थोरली बहीणच असते. गुणवंतांचा सत्कार करताना त्या माणसाचे नाव आपण आवर्जून घ्यावे, आणि दुसऱ्या एखाद्या मुलासाठी आपले आठ रुपये बाजूस काढावेत, एवढीच सर्व कुटुंबांस नम्र विनंती.