विसरण्याच्या आजाराला नाव देणारा डॉक्टर

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात रेल्वेत कारकून असलेला एक माणूस आपल्या बायकोला घेऊन मनोरुग्णालयात आला. तिचं नाव ऑगस्टे डेटर, वय ५१. काही महिन्यांपासून ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेत होती. नेहमीच्या स्वयंपाकात चुका होत होत्या, वस्तू कुठेतरी लपवून ठेवल्या जात होत्या, रात्री आरडाओरडा व्हायचा. नवऱ्याने जमेल तितके दिवस घरीच सांभाळलं होतं. श्रीरामपूरच्या एखाद्या वाड्यातली किंवा वस्तीवरची गोष्ट सांगतोय, असं वाटावं इतकी ती ओळखीची आहे.

दुसऱ्या दिवशी तिला तपासायला डॉ. अलॉइस अल्झायमर आले. जेवणात डुकराचं मांस आणि फ्लॉवर होता. काय खाताय असं विचारल्यावर ती पालक म्हणाली. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर सुरुवात करून पुढचं विसरली. आपणच हरवलो आहोत, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. डॉक्टरांनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवली. त्या काळात अशा रुग्णावर वेडाचा शिक्का मारून मोकळं होणं सोपं होतं.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या लहान गावचा. वैद्यकीय शिक्षण बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्झबुर्गमध्ये झालं. १८८७ मध्ये पदवी मिळाली, तीही कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच्या प्रबंधावर! पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथले प्रमुख सिओली रुग्णांना बांधून ठेवण्याच्या विरोधात होते. रुग्णाशी बोलायचं, त्याला कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसू द्यायचं, अशी तिथली पद्धत. दिवसा रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा अल्झायमर यांचा दिनक्रम झाला. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची नवी रीत शोधणारे फ्रान्झ निस्ल याच रुग्णालयात त्यांचे सहकारी आणि जिवलग मित्र झाले.

१९०१ च्या फेब्रुवारीत अल्झायमर यांची पत्नी सेसिली वारली. मागे तीन लहान मुलं. त्यांची अविवाहित बहीण घरी राहायला आली आणि तिने मुलांचं सगळं अंगावर घेतलं. ऑगस्टे भेटली ती त्यानंतर नऊ महिन्यांनी. डॉक्टरांच्या चरित्रात या बहिणीला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. पण ती नसती तर त्यांच्या रात्री सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या असत्या का? आपल्याकडेही आजारी सासऱ्यांचं करणाऱ्या सुनेचं नाव रुग्णालयाच्या कागदावर कुठेच नसतं.

१९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर काम करायला आधी हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेले. म्युनिकमध्ये सुरुवातीला पगारही नव्हता, पत्नीच्या मागे राहिलेल्या पैशावर घर चाललं. ऑगस्टेची चौकशी मात्र सुटली नाही.

इकडे तिच्या नवऱ्याला रुग्णालयाचा खर्च झेपेना. तिला स्वस्तातल्या ठिकाणी हलवावं म्हणून त्याने अनेकदा विनंती केली. अल्झायमर मध्ये पडले आणि ती फ्रँकफर्टलाच राहिली. त्या बदल्यात तिची कागदपत्रं आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी म्युनिकला पाठवायचं ठरलं. हे वाचताना मन थोडं खट्टू होतं. डॉक्टरांची आस्था खरी होती, पण खर्चाने टेकीला आलेल्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय तरी कुठे होती?

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टे गेली. शेवटी ती अंथरुणाला खिळली होती आणि अंगावरच्या जखमांतून जंतुसंसर्ग झाला होता. आजही या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात हेच दुखणं सतावतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणं आणि त्वचा कोरडी ठेवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं असतं.

मेंदूच्या पातळ चकत्यांत अल्झायमर यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत पिळा पडलेल्या धाग्यांचे गुंते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

ते फार जगले नाहीत. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले, तिकडे जाताना वाटेतच आजारी पडले आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी गेले. वय ५१, म्हणजे ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हाच्या तिच्या वयाइतकंच.

भारतात आज ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार. अस्तु या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले शास्त्रीजी ज्यांनी पाहिले, त्यांना हा आजार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, काही गोळ्यांनी लक्षणं थोडा काळ आटोक्यात राहतात. तरी वय झालं म्हणून विसरतात, असं म्हणून घरी बसू नका. ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांतूनही विसराळूपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. ही तपासणी आधी व्हायला हवी.

श्रीरामपूरकरांना जवळचं ठिकाण म्हणजे लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय, नाहीतर नगरचं जिल्हा रुग्णालय. घरबसल्या बोलायचं तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. सांभाळणाऱ्यानेही तिथे फोन करावा. झोप होत नाही, चिडचिड होते, कधी हात उगारावासा वाटतो, हे सांगायला लाजू नये. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच कामात आहे, पुण्या-मुंबईतही तिच्या शाखा आहेत.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. रुग्णाच्या खिशात नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. बाहेरच्या दाराची कडी वर लावा. आजचा वार कोणता, मी कोण, अशा परीक्षा घेऊ नका. आठवड्यातला एक दिवस तरी दुसऱ्या कुणाकडे जबाबदारी द्या. भाऊ, नणंद, पुतण्या, जो असेल तो. नुसतं भेटायला येणाऱ्या पाहुण्याला दोन तास रुग्णाजवळ बसवलं, तरी सांभाळणाऱ्याची एक झोप होते.